खंडाच्या पावतीपासून सुरुवात कर

प्रिय,

तुझा फिलिपिन्सवरचा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू होसे रिझालला, स्पॅनिश राजवटीनं मारलेल्या त्या फिलिपिन्सच्या लेखकाला, गोळ्या घातल्यास आणि उरलेली सगळी पानं त्या मरणाची कारणं शोधण्यात गेली. रिझालला थोडा वेळ बाजूला ठेव. आधी हिशेब बघ.

१८३४ मध्ये मनिला बंदर परदेशी व्यापाराला रीतसर खुलं झालं, १८५५ मध्ये इलोइलो. तू लिहितोस तसं नुसतं 'व्यापार वाढला' म्हणून भागत नाही. मँचेस्टरच्या स्वस्त कापडानं इलोइलोचे माग बंद पाडले आणि पैसा शेजारच्या नेग्रोस बेटावर उसात गेला. एक विणकर बुडाला, दुसरा कुणी मळेवाला झाला. दोघांच्या घरात 'देश' हा शब्द एकाच अर्थानं कसा येईल?

रिझालच्या कालांबा गावावर तर सावकाश लिही. तिथली जमीन डॉमिनिकन या कॅथलिक पंथाच्या मठाची. रिझालचे वडील त्या जमिनीचे इन्किलिनो, म्हणजे आपल्या भाषेत मोठं कूळ. प्रत्यक्ष नांगर धरणारा कासामा त्यांच्याही खालचा, पोटकूळ म्हण हवं तर. याच मधल्या थरातली मुलं मनिलात आणि पुढे माद्रिदला शिकली. खंड वाढत गेला, कुळांनी १८८८ च्या सुरुवातीला सरकारपुढे लेखी गाऱ्हाणं मांडलं, आणि १८९०-९१ मध्ये कुटुंबंच्या कुटुंबं घराबाहेर काढली गेली. रिझालच्या घरचेही त्यात होते. मठाविरुद्धचा त्याचा राग नुसता पुस्तकी नव्हता, हे इथं कळतं. पण कासामाचं गाऱ्हाणं कोण लिहून देणार होतं, हेही विचार.

१८७२ ला तू दोन ओळी दिल्यास. मला ते पटलं नाही. मनिलाजवळच्या कॅवीटेच्या शस्त्रागारातल्या कामगारांना डोईपट्टी आणि वेठ माफ होती. नव्या गव्हर्नरनं सवलत काढली. जानेवारीत पगार हातात आला तो कापून, आणि २० तारखेच्या रात्री उठाव झाला. तो लगेच चिरडला गेला. पण सरकारनं त्याचं खापर फोडलं गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांवर. पॅरिशी, म्हणजे गावोगावची चर्चं, स्थानिक पाद्र्यांना मिळाव्यात, स्पेनहून आलेल्या मठवाल्यांना नव्हेत, ही मागणी बुर्गोस उघडपणे मांडत होता. १७ फेब्रुवारीला मनिलातल्या बागुम्बायानच्या मैदानावर तिघांचे गळे लोखंडी फासानं आवळले. (गोव्यातला १७८७ चा पिंटोंचा उठाव आठव. तिथंही वरच्या जागा नाकारलेले स्थानिक पाद्रीच पुढे होते. तळटीपेत घाल, मजकुरात नको.)

रिझालचा थोरला भाऊ पासियानो हा बुर्गोसच्या निकटचा. घराण्याचं चालतं आडनाव मर्काडो, म्हणजे बाजार. ते नाव संशयात आलं म्हणून धाकट्याला शाळेत 'रिझाल' लावलं गेलं. जगाला माहीत असलेलं नावही १८७२ नेच दिलेलं आहे.

आता तुझी सर्वांत मोठी चूक. तू पहिल्या ओळीपासून सगळ्यांना 'फिलिपिनो' म्हणतोस. त्या काळी हा शब्द मुख्यतः बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिशांसाठी होता. मूळ रहिवासी 'इंडियो'. चिनी-मिश्र लोकांची नोंद वेगळी आणि करही वेगळा. हा शब्द खालच्यांनी उचलून आपला केला, खरा इतिहास तोच. प्रत्येक दशकात तो कुणाच्या तोंडी आहे हे तपासून मगच वापर.

आणि बोनिफासिओला परिशिष्टात ढकलू नकोस. मनिलाच्या तोंदो वस्तीतला हा माणूस काठ्या आणि कागदी पंखे विकायचा, पुढे परदेशी पेढीच्या कोठारात कामाला लागला. खुल्या बंदरानं घडवलेला तोही आहेच, फक्त त्याला युरोप परवडला नाही. रिझालला दूर दक्षिणेच्या दापितानला हद्दपार केलं त्याच १८९२ च्या जुलैत बोनिफासिओ आणि त्याच्या साथीदारांची कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभी राहिली. ऑगस्ट १८९६ मध्ये स्पेनविरुद्ध बंड पुकारताना तिच्या लोकांनी आपापली सेद्युला फाडली. तारीख आणि जागा यांवर अजून वाद आहे, त्यात अडकू नकोस. सेद्युला म्हणजे काय ते मात्र नीट सांग: १८८४ मध्ये जुन्या डोईपट्टीच्या जागी आलेल्या कराची पावती, जी ओळखपत्र म्हणूनही जवळ बाळगावी लागे.

दुसरं प्रकरण आधी पाठव. रिझालचा शेवट असलेलं पान तूर्त माझ्याकडेच राहू दे.

तुझा,
सर