न उघडलेली खोकी

"मॅडम, कर्ज फेडायला भाड्याचं घर सोडून आई-वडिलांकडे परत राहायला गेलो, तर आम्ही हरलो असं होईल का?" ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात गेल्या काही वर्षांत हा प्रश्न निरनिराळ्या लोकांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटू लागले. विचारणारे बहुधा तिशी-पस्तिशीतले असतात. नोकरी बरी असते, घोडबंदर रस्त्यावर किंवा ऐरोली-घणसोलीकडे भाड्याचे घर असते आणि हप्ते वजा झाल्यावर महिन्याच्या दहा तारखेनंतर खात्यात फारसे काही उरत नाही. काही जण निर्णयाआधी येतात. अधिक जण मात्र सामान हलवून चार-सहा महिने झाल्यावर येतात, कारण भाडे वाचूनही कर्ज हललेले नसते आणि घरात कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलेनासे झालेले असते. अशा एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून येथे सांगते.

तो छत्तीस वर्षांचा होता आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत नोकरी करत होता. मध्यंतरी सात महिने नोकरी नव्हती. त्या काळात घरभाडे, मुलीच्या शाळेची फी आणि रोजचा खर्च क्रेडिट कार्डांवर निघाला, कार्डांसाठी वैयक्तिक कर्ज काढले आणि त्याचा हप्ता चुकू नये म्हणून मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून लहान-लहान कर्जे घेतली गेली. वैयक्तिक कर्ज ५,४०,०००, दोन कार्डे मिळून ३,१०,००० आणि अ‍ॅपची कर्जे १,१०,०००, असे एकूण ९,६०,००० रुपये डोक्यावर होते. पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह तो चरईतल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या घरात, आई-वडिलांकडे परतला होता. परतण्याचे कारण मात्र त्याने वेगळे सांगितले होते. आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, तेव्हा जवळ कोणीतरी हवे, असे घरात आणि इमारतीत सगळ्यांना सांगून तो आला होता.

पहिल्या भेटीत मी त्याला एवढेच विचारले, "भाडं किती होतं?"

"चौतीस हजार."

"ते आता वाचतात. त्यांतले कर्जात किती जातात?"

"जवळजवळ सगळे," तो म्हणाला. ते त्याला मनापासून खरे वाटत होते.

पुढच्या भेटीला मी बँकेचे उतारे आणायला सांगितले. चौतीस हजारांपैकी केवळ बारा हजार कर्जाकडे जात होते आणि तेही अ‍ॅपच्या कर्जांच्या व्याजात व दंडात विरत होते. याखेरीज कार्डांवर तो किमान देय रक्कम, म्हणजे सुमारे १५,५०० रुपये भरत होता आणि त्यामुळे आपण कर्ज फेडत आहोत अशी त्याची समजूत होती. त्याच्या कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागत होते. ३,१०,००० वर ते १०,८५० रुपये होते, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की १२,८०० च्या वर जाते आणि भरलेल्या साडेपंधरा हजारांतून मूळ रक्कम जेमतेम २,७०० रुपयांनी कमी होते. हा हिशेब मी प्रत्येकाला त्याच्याच हाताने कागदावर करायला लावते, कारण दुसऱ्याने सांगितलेला आकडा ऐकला जातो आणि स्वतः मांडलेला आकडा मनात राहतो, असा माझा अनुभव आहे.

उरलेले बावीस हजार कुठे जात होते, हा शोध मला अधिक महत्त्वाचा वाटला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असे, त्या दिवसांसाठी त्याने वागळे इस्टेटमध्ये महिना ६,५०० रुपये देऊन बसायला एक टेबल घेतले होते. जुन्या इमारतीत जागा नसल्याने दुसऱ्या सोसायटीत गाडी ठेवण्याचे २,५०० जात. सुटीचे दिवस मॉलमध्ये आणि बाहेरच्या जेवणात जात, त्याचे आठ हजार होत. आईला न विचारता आणलेल्या किराण्याचे आणि घरातल्या वस्तूंचे पाच हजार होत.

"टेबल कशासाठी घेतलंत? ठाण्याहून ऐरोली लोकलने कितीशी दूर आहे? पाचही दिवस ऑफिसला गेलात तर?"

तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "रोज गेलो तर कोणीतरी विचारेल. आता घरी बसून काम करायला जागा नाही, हे तिथे कळेल."

या चारही खर्चांत चैन नव्हती. आपण इथे राहतो हे कोणाला दिसू नये, आणि दिसलेच तर आपण ओझे नाही हेही त्याबरोबर दिसावे, यासाठी तो दरमहा बावीस हजार मोजत होता. लाजेला किंमत असते हे मी एरवीही सांगते, परंतु ती अशी रुपयांत लिहिलेली मी क्वचितच पाहिली आहे.

तिसऱ्या भेटीला पत्नी सोबत आली. रात्री कोण कुठे झोपते, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, "आम्ही हॉलमध्ये. खोक्यांच्या मागे." घर बदलताना बांधलेली एकोणीस खोकी पाच महिन्यांनंतरही चिकटपट्टीसह भिंतीला लावून उभी होती. मुलीची पुस्तके, पत्नीचे शिवणयंत्र, स्वयंपाकाची भांडी, सगळे त्यांत होते. लागेल ती वस्तू खोक्याच्या कडेतून हात घालून काढली जाई आणि पट्टी पुन्हा लावली जाई.

"उघडली का नाहीत?" मी विचारले.

"उघडली की आम्ही इथे राहायला आलो, असं होईल," तो म्हणाला.

"मग गेले पाच महिने तुम्ही कुठे राहताय?"

त्याने उत्तर दिले नाही. पत्नीने मात्र त्याच्याकडे पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. तिच्याकडे तोपर्यंत कोणी, मीसुद्धा, पुरेसे लक्ष दिले नव्हते. नवऱ्याच्या परतण्यात निदान त्याचे बालपणाचे घर होते, तिच्या वाट्याला मात्र सासूचा ओटा आणि खोक्यांमागची गादी आली होती आणि सासूला खरे कारण माहीत नसल्याने तिला तिथे आजारपणासाठी आलेली सून म्हणून वावरावे लागत होते.

चौथ्या भेटीला मी आई-वडिलांना बोलावले. त्या दुपारी घडलेल्या गोष्टीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. मुलाने ठरल्याप्रमाणे आकडा सांगायला सुरुवात केली, परंतु तो "बाबा, थोडं कर्ज आहे" याच्या पुढे जाईना. तेव्हा महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले वडील शांतपणे म्हणाले, "तू यायच्या आधी दोन महिने, रात्री साडेनऊला माझ्या फोनवर वसुलीवाल्याचा फोन आला होता. कर्ज आहे हे मला माहीत होतं, आकडा तेवढा माहीत नव्हता. तू सांगशील म्हणून थांबलो."

आई इतका वेळ खाली पाहत होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांचं नाव पुढे करून आलास, आणि माझ्यापाशी पाच मिनिटं बसत नाहीस. खोकी तशीच उभी. मला वाटलं, तुला आमच्यात राहणं कमीपणाचं वाटतं, कधी एकदा जातोस असं झालंय तुला."

मुलगा अवाक झाला. लाज वाटते म्हणून तो घराबाहेर राहत होता, मूल घेऊन मॉलमध्ये जात होता, खोकी बंद ठेवत होता आणि आई-वडिलांनी या सगळ्याचा अर्थ त्यांच्याविषयीचा तुसडेपणा असा लावला होता. लाज आणि तुसडेपणा बाहेरून पाहणाऱ्याला अगदी सारखे दिसतात, हे त्या दुपारी मला जितके स्पष्टपणे कळले तितके एकोणीस वर्षांच्या कामात पूर्वी कधी कळले नव्हते. तोवर मी अशा घरांत कोण कोणाला दुखावतो आहे हे शोधत असे, आता कोण काय लपवतो आहे हे आधी पाहते.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे त्रासदायक भावनांमागचे अविवेकी विचार तपासून बदलण्याच्या मानसोपचाराच्या पद्धतीत झाली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीत लाजेवर बोलत बसण्याऐवजी ज्याची लाज वाटते ती निरुपद्रवी गोष्ट मुद्दाम उघडपणे करायला सांगितली जाते. त्याला मी गृहपाठ दिला की आठवड्याभरात इमारतीतल्या एका व्यक्तीला परतण्याचे खरे कारण सांगायचे. त्याने समोरच्या काकूंना जिन्यात गाठून सांगितले, "काकू, कर्ज झालंय. ते फिटेपर्यंत आम्ही इथेच आहोत." काकूंनी विचारले, "मग दूधवाल्याला अर्धा लिटर वाढवायला सांगितलंस का? तुझी आई काही सांगायची नाही." ज्या वाक्याच्या भीतीने त्याने पाच महिन्यांत लाखभर रुपये घालवले, त्याला मिळालेले उत्तर एवढेच होते.

ज्यांच्या घरात असा निर्णय घाटतो आहे त्यांना मी आग्रहाने सांगेन, की सामान बांधण्यापूर्वी पूर्ण आकडा आई-वडिलांना सांगा आणि परतण्याचे दुसरे कारण शोधू नका, कारण त्या कारणाचे ओझे ज्या माणसाच्या नावावर टाकाल त्याच्याशीच तुमचे बोलणे आधी थांबेल. मुक्काम किती महिन्यांचा हेही आधी ठरवून लिहून ठेवावे. या कुटुंबाने वीस महिने ठरवले. सुनेला घरात किमान एक कपाट आणि स्वयंपाकघरातला एक वेळचा पूर्ण अधिकार मिळाला पाहिजे, हे माझे मत कोणाला किरकोळ वाटले तरी मी ते सोडत नाही. घरखर्चासाठी भरमसाट पैसे देऊन स्वाभिमान राखण्यापेक्षा ठरलेली बेताची रक्कम आणि ठरलेले काम पत्करावे. याने वीजबिल, गॅस आणि दूध मिळून पाच हजारांपर्यंतचा खर्च उचलला, आणि आईला फिजिओथेरपीसाठी शनिवारी नेणे आपल्याकडे घेतले.

वडिलांनी मुदत ठेव मोडून सगळे कर्ज एकदम फेडण्याची तयारी दाखवली होती. सात-आठ टक्क्यांच्या ठेवीतून चाळीस टक्क्यांहून महाग कर्ज फेडणे गणिताने योग्यच ठरते आणि हे मी नाकारत नाही. परंतु त्या ठेवीवर दोन म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी चालते, आणि जे कर्ज कोणीतरी गुपचूप उचलून नेते त्याची सवय तशीच राहते. म्हणून त्यांनी फक्त अ‍ॅपच्या कर्जांपुरते १,१०,००० रुपये द्यावेत आणि मुलाने ते दरमहा ५,००० प्रमाणे बावीस महिन्यांत परत करावेत असे ठरले. वडिलांनी ते आपल्या डायरीत लिहून ठेवले. अ‍ॅपकडे जाणाऱ्या बारा हजारांतून वडिलांचा हप्ता निघाला, टेबल सोडले, गाडी विकून आलेले पैसे मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवले आणि सुटीचे दिवस तलावपाळीवर जाऊ लागले. कार्डांकडे महिन्याला १५,५०० ऐवजी ३९,५०० रुपये वळले. त्या वेगाने कार्डे दहा महिन्यांच्या आत संपतात, हा हिशेब त्याने स्वतः मांडला.

वसुलीच्या फोनांविषयीही एक माहिती द्यायला हवी, कारण घरात भीती पसरते ती त्यांच्यामुळे. सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करू नये, तसेच कर्जदाराच्या नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. असे फोन आले तर वेळ टिपून ठेवावी आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. कमी रकमेत खाते बंद करून देतो असे कोणी म्हणाले तर घाई करू नये, कारण पतअहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, ते खाते तडजोडीने मिटवलेले म्हणून दिसते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी तीच नोंद आड येते.

गेल्या महिन्यात, म्हणजे ठरल्यापासून आठ महिन्यांनी, तो आणि त्याची पत्नी आले होते. एक कार्ड बंद झाले आहे आणि दुसऱ्यावर ६८,००० उरले आहेत. हॉलमध्ये आता तिचे शिवणयंत्र खिडकीशी आहे. संध्याकाळी मुलीने कार्टून पाहायचे की आजोबांनी बातम्या, यावरून घरात रोज वाद होतो, असे ती सांगत होती. तो वाद मिटवायला मी काही सुचवावे, असे मात्र तिने म्हटले नाही.