फुंकर कमी भरतेय, पण धाप नाही

प्रश्न : माझ्या दादाच्या दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण होऊन अडीच वर्षं झाली. एकही गोळी चुकत नाही. तरी घरच्या स्पायरोमीटरवर (फुंकर मोजायच्या यंत्रावर) पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा आकडा २.५ लिटरवरून २.१ वर आलाय. धाप नाही. पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे, तोवर थांबावं का? गोळ्या नियमित असून असं का व्हावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबू नका. आजच तेच यंत्र घेऊन, रोजच्याच वेळी, ताठ बसून तीनदा फुंकायला सांगा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. उद्याही तो २.१च्या आसपास राहिला, तर प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. ही घट १६ टक्के आहे. २० टक्के घट टिकली की जुनाट रिजेक्शनचा, म्हणजे शरीर नवं फुप्फुस हळूहळू नाकारत असल्याचा, संशय धरतात. पण त्या रेषेची वाट बघायची नसते. या रिजेक्शनमध्ये बारीक श्वासनलिका व्रणांनी बुजत जातात आणि बुजलेल्या सहसा पुन्हा उघडत नाहीत. धाप फार उशिरा लागते.

गोळी वेळेवर पोटात गेली म्हणजे रक्तातली पातळी बरोबर असतेच असं नाही. बुरशीविरोधी गोळी टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) पातळी वाढवते, म्हणून डोस कमी केलेला असतो. ती गोळी बंद झाली आणि डोस तसाच राहिला, की पातळी कोसळते. क्षयावरचं रिफाम्पिसिनही ती पाडतं. (पपनस उलट चढवतं, तेही नको.) पातळीसाठी रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं, हे अनेकजण विसरतात.

पातळी नीट असूनही जुनाट रिजेक्शनचा धोका उरतो. पूर्वी तीव्र रिजेक्शन झालं असेल, तर प्रत्येक झटक्याने तो वाढतो. दात्याच्या ऊतींविरुद्ध अँटिबॉडी तयार होणं, सायटोमेगॅलो विषाणू, फ्लू किंवा आरएसव्हीसारखा साधा वाटणारा सर्दी-खोकला, फुप्फुसात ठाण मांडलेले स्यूडोमोनास जिवाणू किंवा अ‍ॅस्परजिलस बुरशी, हीही कारणं. आणि एक हमखास दुर्लक्षित : जठरातलं आम्ल वर येणं. छातीत जळजळ नसतानाही झोपेत ते श्वासनलिकेत झिरपतं. रात्रीचं जेवण झोपेआधी तीन तास उरका, पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचला. नुसती उशी वाढवून पोट दुमडतं.

केंद्रात टॅक्रोलिमस पातळी, अँटिबॉडी, श्वास भरून व सोडून काढलेला सीटी आणि ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका आतून पाहणं) यांबद्दल विचारा. अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने काहींचा आकडा सुधारतो, पण ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. दुकानातून आणून सुरू करू नका.