पीएसए ३.१ बघून थांबू नका, आधी गोळीची पट्टी उलटून बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली. वडील ६७ वर्षांचे, मोहोळ तालुक्यात राहतात, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठतात, दीड वर्ष प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) गोळी चालू आहे. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी, ३.१ आला आणि लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलंय. सोबत तुम्ही जगाचा तो नकाशा जोडलाय, ज्यात प्रोस्टेट कॅन्सरच्या मृत्यूदरात भारत अगदी फिक्या रंगात दिसतो. आणि विचारलंय की आपल्याकडे या आजारानं माणसं फारशी दगावत नसतील, तर वडिलांना पुण्याला ओढत नेऊन पुढच्या तपासण्या करायची गरज आहे का.

आप्पा म्हणजे माझे वडील. असाच एक नकाशा २०१४ मध्ये मी दाजींना फोनवर दाखवला होता आणि म्हणालो होतो, "हा गोऱ्यांचा आजार आहे, आप्पांना कशाला घाबरवता?" म्हणून हे सगळं लिहितोय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सोलापुरात एका चादर कारखान्याचे हिशेब बघतो. जे लिहितोय ते आप्पांच्या आजारपणात पदरी पडलेलं आणि नंतर वाचून, विचारून समजून घेतलेलं आहे. औषध बदलणं, बंद करणं यातलं काहीही माझ्या शब्दावर करू नका.

आप्पा दर संक्रांतीला बाराबंदी घालून सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांच्या फेरीला जायचे. २०१३ च्या जानेवारीत ते वाटेत चार वेळा ओळखीच्या घरात शिरले आणि मिरवणूक अर्ध्यावर सोडून घरी आले. धोतर पुढून ओलं होतं. आईला म्हणाले, पाणी सांडलं. त्या दिवसानंतर ते फेरीला गेले नाहीत, आणि का ते आम्हाला सहा महिने कळलं नाही. ऑगस्टमध्ये एका दवाखान्यात गोळी सुरू झाली. खरं सांगायचं तर गोळीनं गुण आला. रात्री पाचदा उठणारा माणूस दोनदा उठायला लागला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

चौदा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, दाजींच्या आग्रहाखातर पीएसए केला. आला ३.८. लॅबची मर्यादा ० ते ४. दवाखान्यात त्या ३.८ भोवती निळ्या पेनानं गोल काढला, शेजारी 'ओके' लिहिलं आणि कागद परत दिला. तो कागद माझ्याकडे अजून आहे. गोळी कोणती चालू आहे, किती दिवस चालू आहे, हे तिथं कुणी विचारलं नाही. गोळी तिथूनच सुरू झाली होती, तरी विचारलं नाही. आणि मीही पट्टी उलटून बघितली नाही. मला सगळ्यात महाग पडलं ते हे.

पट्टीवर दोन नावं होती, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. टॅमसुलोसिन लघवीची वाट सैल करतं, पीएसएला हात लावत नाही. ड्युटास्टेराइड, आणि त्याच जातीचं फिनास्टेराइड, ग्रंथी आकसवतं आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणतं. कॅन्सर असला तरी आकडा खाली दिसतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्याचा पीएसए वाचताना दुप्पट करून वाचायचा असतो. आप्पांचा ३.८ म्हणजे ७.६ च्या घरातला होता. ४ ची रेघ त्यांच्यासाठी नव्हतीच.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा एका युरॉलॉजिस्टनी (मूत्रविकारतज्ज्ञांनी) समजावली. या गोळीवर आकडा खाली येऊन खालीच राहायला हवा. सगळ्यात खालच्या आकड्यावरून तो परत चढायला लागला, तर तो मर्यादेच्या आत असला तरी डॉक्टरांना दाखवायचं. ४ ओलांडायची वाट बघायची नाही.

हे फक्त आमच्या घरचं नाही. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या ८० हजारांवर नोंदी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये, दुप्पट करून धरलेला पीएसए वाढल्यापासून कॅन्सरचं निदान होईपर्यंतचा मध्यक ३.६ वर्षं होता, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहून जास्त वेळ लागला. गोळी न घेणाऱ्यांत १.४ वर्षं. निदानाच्या वेळी आजार जास्त पसरलेला होता आणि या कॅन्सरनं मृत्यूही जास्त झाले. म्हणजे गोळीनं कॅन्सर होतो असं नाही, कृपा करून तसं वाचू नका. आकडा खाली दाबला गेला आणि कुणी तो हिशेबात धरला नाही, एवढंच. तो अभ्यास वाचला तेव्हा आप्पा शेवटच्या महिन्यांत होते. वाचून मी गच्चीवर जाऊन बसलो होतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली. मणक्याची झीज म्हणून मलम, पट्टा, शेक. सप्टेंबरमध्ये जिना चढताना डावा पाय उचलेना, तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी पीएसए परत करायला लावला. २१२. हाडांत पसरला होता. तीन वर्षं मिळाली, त्यातली दोन बऱ्यापैकी गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आप्पा गेले.

आता तुमच्या नकाशाकडे येतो. कारण माझी खरी चूक तिथंच सुरू झाली होती.

२०२२ च्या जागतिक अंदाजात प्रोस्टेट कॅन्सरचे जगभरात सुमारे १४.७ लाख नवे रुग्ण आणि ३.९७ लाख मृत्यू आहेत. भारताचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आणि १८ हजार मृत्यू. आपल्या लोकसंख्येच्या मानानं दोन्ही आकडे कमी, म्हणून रंग फिका. पण हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. जगात १०० नव्या रुग्णांमागे २७ मृत्यू. अमेरिकेत २०२४ च्या अंदाजात २.९९ लाख रुग्णांमागे ३५ हजार, म्हणजे १०० मागे १२. आपल्याकडे १०० मागे सुमारे ४८, म्हणजे जवळपास निम्मे. हे गणित ढोबळ आहे, एका वर्षाचे रुग्ण आणि त्याच वर्षाचे मृत्यू ही तीच माणसं नसतात. अमेरिकेत सौम्य कॅन्सरही भरपूर सापडतात, त्यानंही त्यांचं प्रमाण कमी दिसतं. तरीसुद्धा १२ आणि ४८ मधला फरक एवढ्यानं भरून निघत नाही. आपल्याकडे हा आजार कमी जणांना होतो असं दिसतं, पण ज्याला होतो त्याचा उशिरा सापडतो.

जगात सगळीकडे हेच चित्र आहे. सगळ्यात जास्त रुग्ण सापडतात उत्तर युरोपात, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत. मृत्यूदर सगळ्यात जास्त कॅरिबियन बेटांवर आणि सहारापलीकडच्या आफ्रिकेत. अमेरिकेच्या आतही कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्यूदर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. 'गोऱ्यांचा आजार' हे माझं वाक्य किती चुकीचं होतं बघा. वंशाचा भाग असेल, पण तपासणी आणि उपचार कुणापर्यंत पोचतात हा मोठा भाग आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांत या कॅन्सरचं प्रमाण भारतातल्यापेक्षा जास्त निघतं. रक्त तेच.

काळानुसार बघाल तर अमेरिकेचा मृत्यूदर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर होता, तिथून पंचवीस वर्षांत निम्म्यावर आला. पीएसए तपासणी आणि सुधारलेले उपचार, दोन्हींचा वाटा. मग २०१२ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीनं सरसकट पीएसए नको असं सांगितलं, २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी डॉक्टरांशी बोलून ठरवा असं बदललं. दरम्यान पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रुग्ण वाढले आणि मृत्यूदराची घसरण मंदावली. मी काही सगळ्या पुरुषांनी दरवर्षी पीएसए करा म्हणणारा नाही. त्रास नसलेल्या ऐंशीच्या माणसाला टोचत बसण्यात अर्थ नाही, अनेकांचा हा कॅन्सर इतका हळू वाढतो की त्याला न छेडलेलं बरं. पण तुमच्या वडिलांना त्रास आहे. त्यांना हा वाद लागू नाही.

मृत्यूच्या नोंदीबद्दल बोललं पाहिजे, त्याशिवाय मला राहवणार नाही.

आप्पांचा मृत्यू घरीच झाला. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून मिळाला तो मी वाचला. त्यात ओळी असतात, पहिली तात्काळ कारणाची, तिच्याखाली 'कशामुळे' आणि परत 'कशामुळे'. पहिल्या ओळीशेजारी बारीक अक्षरात सूचनाही असते की हृदय बंद पडणं यासारखी मरणाची पद्धत लिहू नका, आजार लिहा. आप्पांच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत 'हृदय व श्वसनक्रिया बंद' आणि खालच्या दोन्ही ओळी कोऱ्या. तीन वर्षांची फाइल मी हातात धरून उभा होतो. म्हटलं, खाली प्रोस्टेट कॅन्सर लिहा. उत्तर मिळालं, "आता काय फरक पडतो?" नंतर नोंदणीच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, शेवटी सांगितलं की तुमच्या दाखल्यावर कारण छापत नाहीत, मग तुम्हाला कशाला हवं? दाखल्यावर छापत नाहीत हे खरं आहे, कायद्यातच तसं आहे. पण आकडेवारी त्या फॉर्मवरून होते. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरी कारणाचा दाखला होता, आणि त्या थोड्यातही आप्पांसारखे किती जण हृदयाच्या खात्यात गेले असतील. देशाचे या कॅन्सरच्या मृत्यूचे आकडे बव्हंशी मोजलेले नाहीत, कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रांच्या माहितीवरून काढलेले अंदाज आहेत. मी हिशेबाचा माणूस आहे. वहीत नोंद नाही म्हणून व्यवहार झालाच नाही असं मी कारखान्यात कधी म्हणत नाही, आणि बापाच्या बाबतीत तेच म्हटलं.

चांगलं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या गावांची. तिथले कार्यकर्ते रुग्णालयाच्या वह्यांवर विसंबत नाहीत, गावोगाव जाऊन विचारतात, लक्षणं समजावतात. दिल्ली, पुणे, कोलकाता, तिरुवनंतपुरम अशा शहरांच्या नोंदणीत प्रोस्टेट पुरुषांच्या कॅन्सरमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेल्याचं दिसलंय. पुण्यातल्या माणसाला होतो आणि मोहोळच्या माणसाला होत नाही, हे मला तरी पटत नाही.

तर तुम्ही काय करावं, माझं मत. पट्टी बघा. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल तर ३.१ हा ६.२ समजून युरॉलॉजिस्टकडे जा. नुसतं टॅमसुलोसिन, सिलोडोसिन किंवा अल्फुझोसिन असेल तर ३.१ म्हणजे ३.१. गोळी सुरू व्हायच्या आधीचा जुना पीएसए कुठं मिळतो का शोधा, तो सोन्यासारखा आहे. गोळी मनानं बंद करू नका, लघवी तुंबली तर नळी घालायची पाळी येते. आणि ६.२ म्हणजे कॅन्सर असं घरी जाहीर करू नका, नुसती ग्रंथी वाढल्यानं किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही आकडा वाढतो. आधी लघवी तपासून घेतील, काही आठवड्यांनी पीएसए परत करतील, गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट तपासतील. वडील नको म्हणतील, आप्पाही म्हणायचे. अशा वेळी मुलांनी खोलीबाहेर थांबावं, आमच्याकडे त्यानं काम झालं. शंका राहिली तर एमआरआय, मग बायोप्सी (सुईनं ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं). यातलं बरंच सोलापुरात होतं, पुण्याला न्यायचं की नाही हा प्रश्न फार पुढचा आहे.

कंबरदुखी नवीन असेल आणि रात्री पडल्यावरही थांबत नसेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पायातली ताकद कमी झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.

खर्चाचं म्हणाल तर फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावं एकसारखी आहेत का ते आताच बघून ठेवा, आमचे आठ दिवस आप्पांच्या वडिलांच्या नावातल्या एका काना-मात्रेत गेले. धर्मादाय रुग्णालयांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी १०-१० टक्के खाटा राखीव असतात, तिथल्या समाजसेवकाला भेटून मागाव्या लागतात, आपणहून कुणी देत नाही. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला त्यात ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तुम्हाला याची गरज न पडो.

पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधांची नावं असतात. तिचा फोटो आणि गोळी सुरू झाल्याची तारीख इथं टाका. कारखान्यातून आल्यावर रात्री नऊनंतर मी बघतो.