एन्क्रिप्टेड बॅकअपमध्ये जागा कशी वाचवायची

अरे, आधी एन्क्रिप्ट करून मग झिप करू नकोस, एन्क्रिप्ट झालेला डेटा रँडमसारखा दिसतो, त्यात दाबण्यासारखं काही उरतच नाही. आधी डुप्लिकेट काढायचे, मग कॉम्प्रेस, शेवटी एन्क्रिप्ट आणि हे सगळं आपल्याच मशीनवर, रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअप टूल्स नेमकं हेच करतात. कन्व्हर्जंट एन्क्रिप्शनही कोणीतरी सुचवेल, म्हणजे फाइलच्या हॅशवरूनच (मजकुरावरून काढलेल्या ठशासारख्या आकड्यावरूनच) एन्क्रिप्शनची किल्ली बनते, त्यामुळे दोघांची सेम फाइल सर्व्हरवर एकदाच साठते, जागा भरपूर वाचते हे खरं. पण गोम तिथेच आहे. सर्व्हरवाल्याकडे तीच फाइल असेल तर तुझ्याकडेही ती आहे का हे त्याला ताडून बघता येतं, आणि ठरलेल्या फॉर्मॅटच्या पगारपत्रात फक्त रक्कमच माहीत नसेल तर एकेक आकडा टाकून तीही ओळखता येते! ताहो-एलएएफएस ही स्टोरेज सिस्टीम किल्ली बनवताना त्यात एक सीक्रेट मिसळते, मग ते सीक्रेट असणाऱ्यांच्याच फाइली एकमेकांशी जुळतात, जागा थोडी जास्त लागते पण मला तरी हेच पटतं.