पहिली कायाक घेताना, भावा

कायाक म्हणजे वल्ह्यानं हाकायची छोटी होडी. ती घेताना वेगाच्या नादाला लागू नकोस. मासेमारीला रुंदी बघायची. साधारण 32 ते 34 इंच रुंद, दहा फुटी, वर बसायची कायाक घे. आत पाय घालून बसायची नको, पाणी शिरलं की उपसत बसशील. वर बसायच्या प्रकारात तळाला आरपार भोकं असतात, आलेलं पाणी आपसूक निघून जातं.

भार वाहण्याचा आकडा छापलेला असतो, तो पुरता धरू नकोस. तुझं वजन, गळ, डबा, पकडलेली मासळी मिळून दोन तृतीयांशात बसलं पाहिजे. हवा भरून फुगवायची कायाक स्वस्त पडते, मान्य. पण काठाची बाभळ आणि तुझाच गळ, दोन्ही तिचे वैरी. टणक प्लास्टिकचीच घे, फक्त आधी एकट्यानं उचलून बघ. तीस किलोचं धूड गाडीच्या टपावर चढवताना खरी गंमत कळते.

कोल्हापूरचा कळंबा तलाव असो की राधानगरी धरण, पाण्यात उतरण्याआधी परवानगी विचार. बऱ्याच तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो. पावसाळ्यात पंचगंगेकडं फिरकायचंही नाही. लाइफ जॅकेट मात्र कायाकच्या आधी घे, आणि अंगात घाल मर्दा, बुडाखाली नको.