प्रीमियर पद्मिनीचे इंजिन खरोखरच 1937 सालच्या फियाटचे होते का? त्याचे किती प्रकार झाले आणि ते इतकी वर्षे कसे टिकले?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, मात्र एका मर्यादेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून 2000 सालच्या सुमारास बाहेर पडलेल्या शेवटच्या पद्मिनींमधले पेट्रोल इंजिन आणि 1937 साली सादर झालेल्या फियाट 508 सी (हिचेच नाव पुढे फियाट 1100 झाले) या गाडीचे इंजिन ही एकाच घराण्याची इंजिने आहेत. दोन्हींची क्षमता 1089 सीसी, दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75 मि.मी. आहे. तरीही एकाचा सुटा भाग दुसऱ्यात जसाच्या तसा बसेल असा अर्थ यातून काढू नये, कारण मधल्या काळात हेड (सिलिंडरांवरचे झाकण), कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) यांत वारंवार बदल झाले. सांगाडा मात्र तोच राहिला.

हा सांगाडा समजून घ्यायचा तर त्या 75 मि.मी.च्या स्ट्रोकपासून सुरुवात करावी लागते. 1932 सालच्या मूळ बालिल्ला (फियाट 508) गाडीचे इंजिन 995 सीसीचे व साइड व्हॉल्व्हचे, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेले होते. त्याचा बोअर 65 मि.मी. आणि स्ट्रोक 75 मि.मी. होता. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली 508 सी तयार झाली, तेव्हा व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, त्यांना पुशरॉड (ढकलदांडे) आणि रॉकर (तरफा) यांच्यामार्फत चालवले जाऊ लागले, हेड ॲल्युमिनियमचे झाले, बोअर 68 मि.मी.वर गेला, स्ट्रोक तेवढाच ठेवला गेला. पुढे 1221 सीसीचे इंजिन आले ते बोअर 72 मि.मी. करून, आणि फ्रान्समध्ये फियाटच्या परवान्यावर गाड्या बांधणाऱ्या सिम्का कंपनीने 1290 सीसीचे इंजिन केले ते बोअर 74 मि.मी. करून. स्ट्रोक वाढवायचा म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या धावेचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा) नवी लागते, बहुतेक वेळा ब्लॉकची उंचीही बदलावी लागते, आणि त्यासाठी कारखान्यातली सर्वांत महागडी यंत्रसामग्री नव्याने बसवावी लागते. बोअर वाढवणे त्या मानाने स्वस्त पडते. या इंजिनाच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण मला हेच वाटते.

शक्तीच्या आकड्यांवरून बदलांची दिशा कळते. 1937 साली हे इंजिन 32 अश्वशक्ती देत होते. 1953 साली चासिस आणि बॉडी एकसंध असलेली 1100/103 ही गाडी आली, तेव्हा साध्या इंजिनाची शक्ती 36 झाली. त्याच वर्षीच्या 'तुरिस्मो वेलोचे' या वेगवान प्रकारात मोठा वेबर कार्बोरेटर आणि वाढीव कॉम्प्रेशन यांच्या जोरावर ती सुमारे 50 पर्यंत नेली गेली. साध्या गाडीत मात्र वाढ सावकाश झाली: 103 ई मध्ये 40, 103 डी मध्ये 43, आणि 1959 सालच्या 103 एच मध्ये 50. शक्ती मोजण्याच्या पद्धती देशोदेशी आणि काळानुसार वेगळ्या असल्यामुळे या आकड्यांची तुलना थोडे सैल धरूनच करावी. 1957 सालच्या 1200 ग्रानलुचे या गाडीत 1221 सीसीचे इंजिन आले आणि 1962 साली तेच 1100 डी मध्ये बसवले गेले. नावात 1100 आणि पोटात 1221, यामुळे आजही अनेकांचा गोंधळ होतो. 1966 सालच्या 1100 आर मध्ये फियाट पुन्हा 1089 सीसीकडे वळली, आणि 1969 साली फियाट 128 आल्यावर इटलीतील ही मालिका संपली.

या घराण्याची खरी ताकद घरगुती गाड्यांपेक्षा शर्यतीच्या मैदानावर दिसली, असे माझे मत आहे. युद्ध संपल्यावर इटलीत पैसा नव्हता, नवे इंजिन घडवण्याची सोय नव्हती. जे उपलब्ध होते ते होते 1100 चे इंजिन. तुरिनचे उद्योजक पिएरो दुसियो यांनी आपल्या चिझितालिया कंपनीसाठी जाकोसा यांच्याकडूनच डी 46 ही एकआसनी शर्यतीची गाडी आखून घेतली. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, अत्यंत हलके वजन आणि फियाटचे 1089 सीसीचे इंजिन सुमारे 60 अश्वशक्तीपर्यंत चढवलेले, अशी तिची रचना होती. ज्या इंजिनाने नऊ वर्षांपूर्वी 32 अश्वशक्ती दिली होती त्यातून जवळजवळ दुप्पट शक्ती काढता आली, याचा अर्थ मूळ रचनेत पुष्कळ जागा राखून ठेवलेली होती. 1947 सालच्या मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत इटलीचे नामवंत शर्यतपटू ताझियो नुवोलारी चिझितालिया 202 घेऊन उतरले. वय पन्नाशीच्या पुढे, प्रकृती ढासळलेली, आणि भर पावसात उघडी गाडी. तरीही ते दीर्घ काळ आघाडीवर राहिले आणि शेवटी दुसरे आले. पुढे गेली ती जवळजवळ तिप्पट क्षमतेची अल्फा रोमिओ. या निकालाकडे चालकाचे कौशल्य म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे, पण सामान्य कुटुंबाच्या गाडीतले इंजिन एवढे अंतर एवढ्या ताणाखाली कापून शाबूत राहिले, हेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये शर्यतीच्या गाड्या बांधणारे अमेदे गोर्दिनी यांनी सिम्काच्या छापाची हीच इंजिने घेऊन शर्यतींत नाव कमावले.

1958 नंतरच्या फॉर्म्युला ज्युनियर या छोट्या एकआसनी गाड्यांच्या शर्यतींत मात्र या रचनेची मर्यादा उघडी पडली. इटलीतील मोदेना येथील गाडी-बांधणारे स्तांग्वेल्लिनी यांच्या फियाट इंजिनाच्या गाड्यांनी सुरुवातीला वर्चस्व गाजवले, आणि मग ब्रिटिश गाड्या फोर्डचे नवे 105 ई इंजिन घेऊन आल्या. त्या इंजिनाचा बोअर सुमारे 81 मि.मी. आणि स्ट्रोक अवघा 48 मि.मी. होता. मिनिटाला 7000 फेऱ्यांवर फियाटच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.5 मीटर होतो, तर फोर्डचा 11.3 मीटर, म्हणजे फोर्डला आणखी वर चढायला वाव होता आणि फियाट कडेलोटाच्या जवळ होती. शिवाय फोर्डच्या प्रत्येक पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 40 टक्क्यांनी जास्त असल्यामुळे तिथे मोठे व्हॉल्व्ह बसत, आणि इंजिनाला श्वास घेणे सोपे जात असे. त्यातच फियाटची क्रँकशाफ्ट तीनच मुख्य बेअरिंगांवर टेकलेली होती, त्यामुळे दोन बेअरिंगांमधला भाग जास्त फेऱ्यांवर लवत असे. सिम्काने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाच बेअरिंगांचे इंजिन काढले, ते याच दुखण्यावरचा इलाज होता. स्वस्त विस्ताराची जी सोय या इंजिनाला तीस वर्षे जगवून गेली, तिनेच त्याला शर्यतीतून बाहेर काढले.

आता भारताकडे वळतो. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1950 च्या दशकात कुर्ल्यात 1100 बांधायला घेतली. सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावे बदलत गेली आणि 1970 च्या दशकाच्या मध्यात गाडी प्रथम प्रेसिडेंट व मग पद्मिनी झाली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पद्मिनीची बॉडी इटलीतल्या 1100 डी ची होती, पण इंजिन 1221 सीसीचे न घेता जुन्या 1089 सीसीचेच ठेवले गेले, आणि त्याची शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती, म्हणजे इटलीच्या हिशेबाने 1950 च्या दशकाच्या मध्यातली, कायम राहिली. मला याची आजही खंत वाटते. 1221 सीसीचे इंजिन फियाटच्या घरात तयार होते, आणि चार प्रवासी व सामान घेऊन बोरघाट चढणाऱ्या पद्मिनीला त्या जादा ताकदीचा फार उपयोग झाला असता.

मग ते इंजिन टिकले कसे? प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक भाग धोरणाचा आहे: 1953 नंतर सरकारने फक्त जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव ठेवला नाही, जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, परवाना राजवटीत मोटारींचे मोजकेच उत्पादक उरले, आणि ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत असताना नवे इंजिन आणण्याची निकड कोणालाच वाटली नाही. केवळ गुणांमुळे ते टिकले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दुसरा भाग मात्र गुणांचाच आहे. कॉम्प्रेशन बेताचे असल्यामुळे हलक्या प्रतीचे पेट्रोल त्याला चालत असे. बिडाच्या ब्लॉकचा बोअर झिजला की रीबोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येत, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट साध्या पान्याने आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) जुळवता येत असे, आणि मुंबईच्या कोणत्याही उपनगरात हे काम करणारा मिस्त्री सापडत असे. कमकुवत बाजू होती ती हेडची. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असल्यामुळे पाणी कमी पडून इंजिन तापले की हेड वाकत असे, गॅस्केट जात असे, आणि हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, पाठवावे लागत असे. गॅरेजमध्ये उतरवलेले असे हेड मी हातात घेऊन पाहिले आहे. फेसिंग होऊन होऊन त्याची जाडी डोळ्यांना जाणवेल इतकी घटलेली असे. प्रत्येक फेसिंगने कॉम्प्रेशन थोडे वाढते, ही बाब जुनी पद्मिनी विकत घेणाऱ्याने अवश्य तपासावी, कारण अशी गाडी चढावर ठोके देऊ लागते (इंजिनातून खटखट आवाज येतो).

आपण प्रकारांची संख्या विचारली आहे, तेव्हा दोन इंजिने या हिशेबात धरू नयेत. प्रीमियर 118 एनई या गाडीची बॉडी फियाट 124 ची होती, पण तिच्यातले 1171 सीसीचे इंजिन निसानचे होते. डिझेल पद्मिनीतले 1366 सीसीचे इंजिन इटलीच्या एफएनएम कंपनीच्या रचनेचे होते, आणि त्याचाही 1100 च्या घराण्याशी संबंध नव्हता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकी ज्यांत मूळ इंजिनावर सीएनजीचे किट बसवले होते, त्या मात्र याच घराण्यातल्या होत्या. पद्मिनीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. तेव्हा 1089 सीसीची साधी व वेगवान रूपे, 1221 सीसीचे रूप आणि सिम्काची 1290 सीसीपर्यंतची शाखा अशी मांडणी केली, तर फियाट 1100 चे घराणे आपल्याला बरोबर मोजता येईल.