आईबाबा अमेरिकेला जाणार आहेत. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर आणि, वेग ताशी 900 किलोमीटर धरला तर, किती तास?

अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. डायरेक्ट विमान असेल तर जाताना साधारण 16 तास, येताना 14 ते 15. तुम्ही म्हणता तसं ताशी 900 ने भागलं तर जेमतेम 14 तास येतात, मग जाताना दोन तास वाढतात कुठे?

वाऱ्यात. ताशी 900 हा विमानाचा हवेतला वेग, जमिनीवरचा नव्हे. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातात. अमेरिकेला जाताना ते अंगावर येतात, परतताना पाठीशी असतात.

म्हणूनच कमी अंतर म्हणजे कमी वेळ असं नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 च्या आसपास झालं, तरी वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर. मला तरी हे भूगोलाच्या पुस्तकात असायला हवं होतं असं वाटतं!

भिंतीवरच्या नकाशात मुंबई-न्यूयॉर्क रेघ अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी आडवी जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा: तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, आइसलंडजवळून, थेट 65 अंश उत्तरेपर्यंत चढून कॅनडावरून खाली उतरतो. 12,500 हा आकडा त्या दोऱ्याचा. प्रत्यक्षात त्या वाटेवरचे देश आपलं आकाश वापरू देतात का, यावर बरंच ठरतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला आणि अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना वाटेत इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. तेव्हा बुक करताना त्या दिवसाचं वेळापत्रक बघा, जुन्या उत्तरांवर जाऊ नका. या उत्तरावरही नको.

आईबाबांना तिकीट दाखवाल तेव्हा एक सांगून ठेवा. त्यावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. रात्री 2 ला निघून सकाळी 8 ला पोहोचणार असं वाचून बाबा ‘सहा तासांत अमेरिका?’ म्हणतील. हिवाळ्यात त्यात साडेदहा तास मिळवायचे, उन्हाळ्यात साडेनऊ, कारण तिथे घड्याळ एक तास पुढे करतात.

दुबई, दोहा किंवा युरोपात विमान बदलायचं असेल तर एकूण 20 ते 24 तास धरा. त्यांच्यासाठी मी मध्ये निदान तीन तासांचा थांबा घेईन आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवीन. चालता येत असलं तरीही. मोठ्या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतची पायपीट फार असते.